‘चाळीस नंबर’ : इंजिन-तेलाच्या एका अंकाचा अर्थेतिहास

मालमोटारींच्या दुरुस्तीशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांच्या बोलण्यात ‘चाळीस नंबर’ हा शब्दप्रयोग पूर्णपणे रुळलेला आहे. तेवढे म्हटले की ऐकणाऱ्यास सर्व काही कळते. ‘तेल’ किंवा ‘ऑइल’ हे विशेष्य उच्चारण्याची आवश्यकता उरत नाही. त्याच वर्गात ‘नव्वद नंबर’ म्हणजे गिअरपेटीचे तेल, हेही कोणास सांगावे लागत नाही. विशेषणाने विशेष्य गिळून स्वतःच नाम बनावे, ही प्रक्रिया भाषेच्या अभ्यासकास अपरिचित नाही. परंतु येथे नाम बनला आहे तो एक अंक, आणि अंकाविषयी मनुष्याची स्वाभाविक समजूत अशी असते की तो काहीतरी मोजतो. चाळिसापेक्षा पन्नास अधिक जाड, म्हणून इंजिन जुने झाले, धूर सोडू लागले, ‘ऑइल खाऊ’ लागले की चाळिसाच्या जागी पन्नास घालावे, असा व्यवहारातील नियम ह्या समजुतीतूनच निघाला आहे. तो सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु ज्या अंकावर तो उभा आहे तो अंक मुळात माप नव्हेच. ते एका वर्गाचे नाव आहे, आणि अन्य नावांप्रमाणे त्या नावालाही इतिहास आहे. त्याचा अर्थ काही अंशी स्थिर राहिला, काही अंशी वारंवार बदलला. जुन्या इंजिनासाठी तेल निवडताना होणाऱ्या चुकांपैकी पुष्कळशा चुका हा अर्थबदल ध्यानात न घेतल्यामुळे होतात, असे दाखविता येते.

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. ‘वंगण’ हा शब्द मराठीत मोटारीच्या फार पूर्वीचा आहे. बैलगाडीच्या आसास घालावयाचे ते वंगण. गाडीवानाला त्याची परीक्षा दोन बोटांत धरून करता येत असे आणि तो त्याला जाड किंवा पातळ म्हणत असे. इंग्रजीतील ‘व्हिस्कॉसिटी’ हा शब्द लॅटिन ‘व्हिस्कम’पासून आला. हे एका परोपजीवी वनस्पतीचे नाव. तिच्या फळांपासून पक्षी धरण्याचा चिकट लासा करीत. म्हणजे युरोपीय शब्दाच्या मुळाशी चिकटपणाची कल्पना आहे. आपल्याकडील पारिभाषिक ‘श्यानता’ ही संज्ञा ज्या ‘श्यै’ धातूवरून आली त्याचा अर्थ गोठणे, घट्ट होणे असा आहे. गाडीवानाच्या ‘जाड’मध्ये ह्या दोन्ही कल्पना नाहीत. आयुर्वेदात जे वीस गुण सांगितले आहेत त्यांत स्निग्ध-रूक्ष, सांद्र-द्रव आणि विशद-पिच्छिल अशा तीन स्वतंत्र जोड्या आहेत, हे येथे लक्षणीय आहे. स्नेह, दाटपणा व बुळबुळीत चिकटपणा हे तीन वेगळे गुण होत, ही जाण त्या वर्गीकरणात दिसते. मोटारीच्या तेलाविषयी बोलताना नेमकी हीच जाण सुटते. तेल जाड आहे म्हणून ते अधिक स्निग्ध, अधिक ‘वंगण देणारे’ असले पाहिजे, असे गृहीत धरले जाते. ‘श्यानता’ ही संज्ञा कानाला परकी वाटते हे खरे. तथापि तिचा एक लाभ असा की गोठण्याची कल्पना तिच्या पोटात असल्याने तापमानाचा संबंध ती विसरू देत नाही.

द्रवाच्या अंतर्गत घर्षणाची कल्पना न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त मांडली होती आणि पॉइझ्युय ह्या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, रक्ताभिसरणाच्या जिज्ञासेतून, बारीक नळ्यांतील प्रवाहाचे नियम शोधले होते. परंतु यंत्राच्या वंगणाशी ह्या विद्येची गाठ पडली ती १८८० नंतर. रशियात निकोलाय पेत्रोव्ह ह्याने १८८३ मध्ये असे प्रतिपादन केले की, तेलाने पूर्ण वेढलेल्या आसाचे घर्षण हे धातूंचे घर्षण नसून तेलाचेच अंतर्गत घर्षण होय. बाकूच्या खनिज तेलांचा वापर यंत्रांत कसा करावा, हा प्रश्न तेथे त्या काळी व्यावहारिक महत्त्वाचा होता. त्याच सुमारास इंग्लंडमधील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाच्या अभ्यासासाठी समिती नेमून बोशँप टॉवर ह्या अभियंत्याकडे प्रयोगाचे काम सोपविले. त्याचा प्रयोग विस्ताराने सांगण्याजोगा आहे. रेल्वेच्या आसावर असते तशा बेअरिंगच्या माथ्यावर त्याने तेल सोडण्यासाठी एक भोक पाडले. आस खालून तेलात बुडालेला होता. यंत्र चालू करताच वरून तेल आत जाण्याऐवजी आतले तेल भोकातून वर येऊन वाहू लागले. त्याने भोकात बूच मारले. ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकली. तेव्हा त्याने तेथे दाबमापक बसविला. बेअरिंगवरील सरासरी भार चौरस इंचास सुमारे १०० पौंड असताना मापकाने २०० पौंडांहून अधिक दाब दाखविला. म्हणजे आस धातूवर टेकलेला नव्हताच. स्वतःच्या फिरण्याने ओढून घेतलेल्या तेलाच्या पापुद्र्यावर तो तरंगत होता. मँचेस्टर येथील प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स ह्याने १८८६ मध्ये ह्या घटनेचे गणित मांडले, आणि आजही बेअरिंगची रचना त्याच समीकरणावर आधारलेली असते.

ह्या शोधाचा निवडीच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. पापुद्र्याची जाडी तीन गोष्टींवर अवलंबून असते : तेलाची श्यानता, आसाची गती आणि त्याच्यावरील भार. श्यानता व गती वाढल्या तर पापुद्रा जाड होतो. भार वाढला तर पातळ होतो. हलक्या मोटारीचे इंजिन वेगाने फिरते आणि त्यावरील भार कमी असतो. मालमोटारीचे डिझेल इंजिन तुलनेने सावकाश फिरते आणि त्याच्या बेअरिंगवर ज्वलनाचा दाब मोठा असतो. सबब पहिल्यास पातळ तेल पुरते, दुसऱ्यास जाड लागते. ह्याहून अधिक गूढ कारण ‘चाळीस नंबर’च्या मागे नाही. परंतु हेही तितकेच खरे की आवश्यकतेपेक्षा जाड तेलाचे अंतर्गत घर्षण विनाकारण इंधन खाते व उष्णता निर्माण करते. शिवाय इंजिन सुरू होण्याच्या क्षणी गती शून्य असल्याने पापुद्रा नसतोच. तेव्हा तेल पंपातून वाटावाटांनी शेवटच्या बेअरिंगपर्यंत किती त्वरेने पोहोचते ह्यावर झीज अवलंबून असते. जाडी ही उपकारक आहे ती धावत्या इंजिनात. गार इंजिनात तीच अपकारक ठरते.

श्यानता मोजावयाची कशी, ह्याबाबत प्रत्येक देशाने आपापली बोली निर्माण केली. अमेरिकेत सेबोल्टच्या उपकरणातून ६० घन सेंटिमीटर तेल गळण्यास जितके सेकंद लागत ते तेलाचे माप मानले जाई. ब्रिटनमध्ये रेडवुडच्या उपकरणातून ५० घन सेंटिमीटर तेल सोडीत. जर्मनीत एंग्लर ह्याने २०० घन सेंटिमीटर तेलास लागणारा वेळ आणि तितक्याच पाण्यास लागणारा वेळ ह्यांचे गुणोत्तर घेऊन त्यास ‘अंश’ म्हटले. तिन्ही उपकरणांचे तत्त्व एकच, आकडे मात्र परस्परांशी न जुळणारे. आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून रेडवुडचे उपकरण दीर्घकाळ टिकून राहिले, हा ब्रिटिश संबंधाचा अवशेष होय. ग्राहकाला ह्यांपैकी कोणतीच बोली अवगत नव्हती. तो दुकानात ‘हलके’, ‘मध्यम’ किंवा ‘भारी’ तेल मागत असे, आणि एका कंपनीचे ‘मध्यम’ हे दुसरीचे ‘भारी’ असणे शक्य होते. व्हॅक्यूम ऑइल कंपनीने तर आपल्या मोबिलऑइलच्या जातींना ‘ए’, ‘बी’, ‘बीबी’, ‘ई’, ‘आर्क्टिक’ अशी नावे दिली होती आणि कोणत्या गाडीस कोणते अक्षर लागू आहे ह्याची कोष्टके ती प्रसिद्ध करीत असे. त्या अक्षरांना कंपनीच्या कोष्टकाबाहेर काहीच अर्थ नव्हता.

१९०५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे ज्या संस्थेची एस. ए. ई. ही आद्याक्षरे आज प्रत्येक डब्यावर छापलेली असतात तिने, हा गोंधळ दूर करण्याचा पहिला प्रयत्न १९११ मध्ये केला. पुढे १९२० च्या दशकात दहाच्या पटीतील अंकांची पद्धती आकारास आली. तिचे मर्म समजून घेतले पाहिजे. संस्थेने २१० अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ९९ अंश सेल्सियस, ह्या तापमानाला सेबोल्टच्या सेकंदांची पट्टी घेतली आणि तिचे तुकडे पाडले. ही पद्धती स्थिरावली तेव्हा ४५ ते ५८ सेकंदांच्या तुकड्याचे नाव वीस, ५८ ते ७० चे तीस, ७० ते ८५ चे चाळीस आणि ८५ ते ११० चे पन्नास असे होते. तुकड्यांची लांबी समान नाही, हे सहज दिसेल. ‘चाळीस’ म्हणजे चाळीस सेकंद नव्हेत, चाळीस अंश नव्हेत, चाळीस काहीच नव्हे. सत्तर आणि पंच्याऐंशी ह्यांच्या मधल्या मुलखाचे ते नाव होय.

पुढे सेकंद जाऊन सेंटिस्टोक आले आणि तापमान १०० अंश सेल्सियस ठरले, तरी सीमा जवळपास तेथेच राहिल्या. आज चाळिसाची सीमा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक आणि तिसाची ९.३ ते १२.५ अशी आहे. ह्यातून एक चमत्कारिक पण व्यवहारात महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. १२.४ सेंटिस्टोकचे तेल ‘तीस’ आणि १२.६ चे ‘चाळीस’ म्हणवते, आणि इंजिनाला ह्या दोहोंतील भेद कळणारही नाही, उलट १२.६ आणि १६.२ ही दोन्ही तेले ‘चाळीस’च, परंतु त्यांतील दुसरे पहिल्यापेक्षा पाव हिश्शाहून अधिक जाड. जुन्या गाडीच्या मालकास एका कंपनीचे चाळीस दुसऱ्या कंपनीच्या चाळिसापेक्षा ‘दमदार’ वाटते, ह्यास नेहमीच अंधश्रद्धा म्हणता येणार नाही. तपशीलपत्रकातील सेंटिस्टोकचा आकडा वाचणारा मनुष्य नंबर न बदलताही अधिक जाड तेल निवडू शकतो.

‘नव्वद नंबर’विषयीचा भ्रमही येथेच निरस्त होतो. गिअरच्या तेलांसाठी त्याच संस्थेने स्वतंत्र अंकमाला योजिली आणि दोन मालांची टक्कर होऊ नये म्हणून तिचे अंक इंजिन-तेलांच्या अंकांच्या वरचे ठेवले. १०० अंश सेल्सियसला मोजले तर नव्वद नंबरचे गिअर-तेल इंजिनाच्या चाळीस-पन्नास नंबरच्या तेलाच्याच आसपास भरते. ते नव्वद आहे म्हणून चाळिसाच्या दुप्पट जाड नाही. मोडकळीस आलेल्या इंजिनाला दम यावा म्हणून त्यात नव्वद ओतण्याचा मोह ज्यास होतो, त्याच्या पदरी जाडी पडत नाहीच. गिअरच्या दातांसाठी घातलेली आणि इंजिनास अपायकारक अशी रसायने मात्र पडतात.

अंकाचा उष्ण अर्थ अशा रीतीने जवळजवळ शंभर वर्षे स्थिर राहिला. शीत अर्थाची कथा अगदी निराळी आहे. उत्तर अमेरिकेच्या हिवाळ्यात शंभर अंशांवरचे माप निरुपयोगी ठरू लागले, कारण तेथे प्रश्न इंजिन फिरेल की नाही हाच होता. म्हणून १९३० च्या दशकात काही अंकांपुढे ‘डब्ल्यू’ हे अक्षर जोडण्यात आले. हे ‘विंटर’चे, हिवाळ्याचे, आद्याक्षर मानले जाते. शून्य अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे १८ अंश सेल्सियस, तापमानाला तेल किती घट्ट असेल ह्यावर हे वर्ग ठरविले गेले. परंतु त्या तापमानाला सेबोल्टच्या उपकरणातून तेल गळेचना. सबब १०० व २१० अंश फॅरनहाइटला माप घेऊन कागदावर रेषा ओढून खालच्या तापमानाचा आकडा काढीत. दहा-डब्ल्यू म्हणजे ६,००० ते १२,००० सेकंद, वीस-डब्ल्यू म्हणजे १२,००० ते ४८,००० सेकंद, असे हे कोणीही प्रत्यक्ष न मोजलेले आकडे होते. बरणीत तेल भरून कोणी ४८,००० सेकंद, म्हणजे तेरा तासांहून अधिक, वाट पाहत बसले नाही. मेणयुक्त तेल त्या रेषेप्रमाणे वागत नाही, हेही हळूहळू उघड झाले.

१९६७ मध्ये कागदावरील रेषेच्या जागी प्रत्यक्ष उपकरण आले. इंजिन गार असताना स्टार्टरने फिरविण्यास जो विरोध होतो त्याची नक्कल करणारे हे यंत्र होते, आणि माप सेंटिपॉइजमध्ये सांगितले जाऊ लागले. तापमान मात्र सर्वांना एकच, उणे १८. १९८० मध्ये तेही बदलून प्रत्येक वर्गाला स्वतःचे तापमान देण्यात आले. सध्याच्या तक्त्यात वीस-डब्ल्यूची परीक्षा उणे १५ ला, पंधरा-डब्ल्यूची उणे २० ला आणि दहा-डब्ल्यूची उणे २५ ला होते. म्हणजे अंक आता जाडीचा वर्ग सांगत नसून, ठरावीक घट्टपणा कोणत्या थंडीपर्यंत ओलांडला जाणार नाही ते सांगतो. नाव तेच, अर्थाची जातच बदलली.

ह्यानंतरही एक न्यून राहिले होते आणि ते महागात पडले. १९८०-८१ च्या हिवाळ्यात दक्षिण डकोटा राज्यातील सू फॉल्स ह्या गावी अनेक इंजिने सुरू तर झाली, परंतु तेलाविना जळाली. स्टार्टर इंजिन फिरवू शकला, म्हणजे उपकरणाने दिलेली ग्वाही खोटी नव्हती. परंतु सावकाश थंड होताना तेलाचा खरवसासारखा थर जमला होता आणि पंपाने थोडे तेल ओढून घेतल्यावर त्याच्या तोंडाशी पोकळी राहिली. प्रयोगशाळेत तेच तेल झटपट गार केले असता असे काही घडत नव्हते. तेव्हापासून तेल दोन दिवसांच्या सुमारे अवधीत हळूहळू थंड करून मग त्याची पंपक्षमता तपासण्याची रीत पडली, आणि ही परीक्षा पहिल्या परीक्षेपेक्षा पाच अंश अधिक थंडीत होते. ‘डब्ल्यू’ ह्या एका अक्षरात आज दोन परीक्षांची फलिते सामावलेली आहेत.

दोन अंकांचे जोडनाव शक्य झाले ते रसायनशास्त्रामुळे. तापमानाबरोबर तेल किती पातळ होते हे सांगण्यासाठी डीन आणि डेव्हिस ह्या दोघांनी १९२९ मध्ये ‘श्यानता-निर्देशांक’ सुचविला. पेनसिल्व्हेनियाच्या उत्तम तेलास त्यांनी शंभर गुण दिले आणि मेक्सिकोच्या आखाताकाठच्या तेलास शून्य. पुढे लांबलचक साखळ्यांचे बहुवारिक रेणू तेलात मिसळले की ते तापल्यावर कमी पातळ होते असे आढळले, आणि १९५० च्या दशकात बहुश्रेणी तेले, ज्यांना व्यवहारात ‘मल्टिग्रेड’ म्हणतात ती, बाजारात रुळली. पंधरा-डब्ल्यू-चाळीस हे तेल थंडीत पंधराच्या परीक्षेत आणि उष्णतेत चाळिसाच्या परीक्षेत उत्तीर्ण होते, एवढाच त्या नावाचा अर्थ. पंधरापासून चाळिसापर्यंत ते ‘जाड होत जाते’, असा जो अर्थ पुष्कळजण घेतात तो सर्वथा चुकीचा आहे. कोणतेही इंजिन-तेल तापले की पातळच होते. १०० अंशांना १४-१५ सेंटिस्टोक असणारे साधे चाळीस नंबरचे तेल ४० अंशांना दीडशेच्या घरात असते. पंधरा-चाळीस त्याच तापमानाला ११० च्या आसपास असते.

ह्या रेणूंना एक खोड आहे. बेअरिंगच्या अरुंद फटीत तेलाचे थर प्रचंड वेगाने एकमेकांवरून सरकतात, तेव्हा लांब साखळ्या प्रवाहाच्या दिशेने आडव्या होतात आणि तेल तेवढ्यापुरते पातळ होते. कालांतराने काही साखळ्या तुटतात आणि ते कायमचेच पातळ होते. नळीतून संथपणे गळणाऱ्या तेलाच्या मापात हे दिसत नाही. म्हणून जुन्या चालकांची ‘मल्टिग्रेडमध्ये दम नाही’ ही तक्रार केवळ नव्याविषयीचा आकस नव्हता. त्या तक्रारीस तक्त्यात स्थान मिळाले ते १९९० च्या दशकाच्या आरंभी. १५० अंश सेल्सियसला, बेअरिंगमध्ये असते तशा तीव्र घुसळणीत मोजलेल्या श्यानतेची किमान मर्यादा तेव्हा घालण्यात आली. साधे चाळीस आणि पंधरा-चाळीस ह्या दोहोंसाठी ती आज ३.७ सेंटिपॉइज अशी समान आहे. सबब आजच्या पंधरा-चाळिसाविरुद्ध तीच तक्रार करणे मात्र न्याय्य नाही.

भारतात ही अंकमाला आली ती परदेशी इंजिनांबरोबर. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने अमेरिकन बनावटीच्या मालमोटारी जुळविल्या. टेल्कोने डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने १९५४ पासून जमशेदपुरास डिझेल मालमोटारी तयार केल्या. मद्रासची अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. ह्या इंजिनांचे मायदेश थंड असल्याने तेलाची कोष्टके ऋतूंप्रमाणे मांडलेली असत : उन्हाळ्यात अमुक, हिवाळ्यात तमुक, आणि ऋतू पालटला की तेल पालटावयाचे. दख्खनच्या पठारावर येताना ह्या कोष्टकातील हिवाळ्याचा रकाना गळून पडला. ज्या प्रदेशात पहाटेचे तापमान गोठणबिंदूच्याही बरेच वर राहते तेथे ‘डब्ल्यू’ला सांगण्यासारखे काही नव्हते, एकच अंक बारमाही पुरला, आणि ‘चाळीस नंबर’ हे पूर्ण नाव बनले. पुढे वीस-चाळीस आणि मग पंधरा-चाळीस ही जोडनावे आली तेव्हाही उच्चारात ‘डब्ल्यू’ बहुधा लोपलेलाच राहिला. ज्या ध्वनीस अर्थभेद करण्याचे काम उरत नाही तो टिकत नाही, ह्या नियमाचे हे उदाहरण मानता येईल.

तथापि ते काम सर्वस्वी उरले नाही असेही नाही. लासलगाव-पिंपळगावचा कांदा भरून पौष-माघात उत्तरेकडे जाणारी मालमोटार पंजाबच्या धुक्यात पहाटे उभी असते तेव्हा तिच्यातील साधे चाळीस नंबरचे तेल नाशिकच्या दुपारच्या मानाने कित्येक पटींनी घट्ट झालेले असते. इंजिन फिरते खरे, पण वरच्या रॉकरपर्यंत तेल पोहोचण्यास विलंब लागतो. आणि हीच गाडी लडाखच्या हिवाळ्यात गेली तर वीस-डब्ल्यूची उणे १५ ची मर्यादा एका रात्रीत ओलांडली जाते. पठारावर फिरणाऱ्या जुन्या गाडीस वीस-चाळीस पुरेसे असते. उत्तरेस जाणाऱ्या गाडीस पंधरा-चाळीस हवे. उष्ण अंक दोहोंत सारखाच असल्याने ह्यात तापलेल्या बेअरिंगची काही हानी होत नाही.

आता जुन्या इंजिनाकडे वळावयाचे. झिजलेल्या इंजिनात बेअरिंगच्या फटी रुंदावतात, तेल त्यांतून लवकर निसटते आणि मंदगतीत दाबमापकाचा काटा खाली येतो. जाड तेल घातले की काटा वर चढतो आणि मालकास समाधान वाटते. परंतु काटा प्रवाहास होणारा विरोध दाखवितो, प्रवाह नव्हे. तेल घट्ट असल्यामुळे चढलेला दाब आणि फटी योग्य असल्यामुळे असलेला दाब, ह्यांत त्या मापकाला भेद करता येत नाही. धावते इंजिन तापलेले असताना रुंद फटीला एका श्रेणीने जाड तेल काही अंशी उपकारक ठरते, आणि पिस्टनच्या कड्यांतून व व्हॉल्व्हच्या मार्गदर्शिकांतून जळणारे तेलही थोडे कमी होते, हे मान्य केले पाहिजे. म्हणून चाळिसाचे पन्नास करावयाचे झाल्यास ते उष्ण बाजूनेच करावे. शीत अंक वाढू देऊ नये. पंधरा-चाळिसावरून पंधरा-पन्नासावर किंवा वीस-पन्नासावर जाणे एक, आणि साध्या पन्नासावर जाणे अगदी दुसरे. आणि जे इंजिन जुने आहे पण झिजलेले नाही, ज्याच्या फटी रचनाकाराने ठरविल्या तेवढ्याच आहेत, त्याला केवळ वयामुळे जाड तेल देण्यास आधार नाही. ‘जुने’ ह्या एकाच विशेषणाखाली हे दोन निराळे पदार्थ एकत्र येतात, ही ह्या विषयातील दुसरी शाब्दिक अडचण होय.

जुन्या इंजिनाची हस्तपुस्तिका वाचणे हे म्हणूनच थोडेसे जुनी पोथी वाचण्यासारखे काम आहे. १९५५ च्या पुस्तिकेत ‘तीस’ किंवा ‘चाळीस’ असे लिहिले असेल तर तो अंक आजच्या डब्यावर जसाच्या तसा घेता येतो, कारण त्याच्या सीमा फारशा हललेल्या नाहीत. तीत ‘वीस-डब्ल्यू’ असेल तर तो कागदावरील रेषेतून काढलेला वर्ग आहे. आजच्या वीस-डब्ल्यूशी त्याचा संबंध वंशाचा आहे, तादात्म्याचा नाही. आणि त्याच ओळीत ‘एच. डी.’ अशी अक्षरे असतील तर त्यांचा अंकाशी काहीच संबंध नाही. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने १९४७ मध्ये तेलांचे जे तीन वर्ग केले, रेग्युलर, प्रीमियम आणि हेवी ड्यूटी, त्यांतील तिसऱ्याचे ते संक्षिप्त रूप. ‘हेवी’ शब्दामुळे ते जाड तेल असावे असा ग्रह होतो. वस्तुतः त्यात काजळी धुऊन अधांतरी ठेवणारी द्रव्ये असत, एवढाच त्याचा अर्थ. १९३० च्या दशकात डिझेल इंजिनांत पिस्टनच्या कड्या काजळीने चिकटून बसू लागल्या तेव्हा अशा द्रव्यांचा शोध निकडीचा झाला, आणि कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलने १९३५ मध्ये ‘डेलो’ हे डिझेल इंजिनासाठीचे तेल काढले. अशा तेलात काजळी तरंगत राहते, म्हणून ते लवकर काळे पडते. काळे पडणे हे त्याचे काम चालू असल्याचे लक्षण आहे. तेल खराब झाल्याचे नव्हे. जे तेल स्वच्छ दिसते त्याने काजळी इंजिनातच कुठेतरी टाकलेली असते.

ही गुणवाचक अक्षरमाला १९५२ मध्ये आणि पुन्हा १९७० च्या सुमारास बदलली. आजची ‘एस’पासून सुरू होणारी पेट्रोल इंजिनांची आणि ‘सी’पासून सुरू होणारी डिझेल इंजिनांची अक्षरे त्या शेवटच्या फेरबदलातील आहेत. डब्यावर अंक व अक्षरे शेजारी असली तरी ती दोन निराळ्या संस्थांची, दोन निराळ्या प्रश्नांना दिलेली उत्तरे आहेत. जुन्या पेट्रोल इंजिनांत कॅमशाफ्टवर चपटे टॅपेट घासतात आणि तेथे जस्त व स्फुरद ह्यांच्या संयुगाचे संरक्षण लागते. ज्या आधुनिक तेलांत धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणाच्या रक्षणार्थ स्फुरद कमी केले आहे त्यांत ते अपुरे पडू शकते. येथे अंक कितीही वाढविला तरी उपयोग नाही. स्निग्धता आणि सांद्रता ह्यांची गल्लत होते ती नेमकी ह्या ठिकाणी.

अंक आणि अर्थ ह्यांची फारकत सर्वांत स्पष्ट दिसते ती २०१६ च्या डिसेंबरात लागू झालेल्या डिझेल तेलांच्या दोन वर्गांत. इंधनबचतीसाठी नव्या मालमोटारींना पातळ तेल हवे होते, आणि जुन्या गाड्यांना ते चालण्यासारखे नव्हते. म्हणून एकाच वेळी सीके-४ आणि एफए-४ असे दोन वर्ग निर्माण करण्यात आले. सीके-४ मागील तेलांच्या जागी जुन्या इंजिनांतही चालते. त्याची तीव्र घुसळणीतील श्यानता किमान ३.५ सेंटिपॉइज असावी लागते. एफए-४ ची ती २.९ ते ३.२ ह्या मर्यादेत असते आणि ते मागील तेलांचा पर्याय म्हणून वापरता येत नाही. परंतु दहा-डब्ल्यू-तीस हे नाव दोहोंच्याही डब्यावर असू शकते. शंभर अंशांवर संथपणे गळताना दोन्ही तेले तिसाच्याच मुलखात पडतात. भारवाहू इंजिनाच्या बेअरिंगमध्ये ती दोन निराळी तेले असतात. ती ओळखू यावीत म्हणून पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने एफए-४ च्या वर्तुळाकार चिन्हाचा एक भाग निराळ्या रंगाने भरला आहे.